मस्तवाल तलंगा

१४ जानेवारी १९७३, रविवार

चर्चच्या उपासनेहून परतले तर दारात टांगा उभा. पंचायत समितीच्या कुक्कुटपालन योजनेतल्या कोंबड्या आल्या. दहा मागितल्या होत्या, आठ पाठवल्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या, लेगहॉर्न जातीच्या. तलंगा आहेत, म्हणजे अंड्यावर यायला अजून महिनाभर तरी जायचा. टांगेवाला म्हणाला, “बाई, इंग्लिश हायेत. जपा.” कोणाला जपायचे ते त्याने सांगितले नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रिकामपण अंगावर येते. मुलगा शमुवेल मनमाडला रेल्वेच्या माल-कचेरीत, पंधरवड्यातून एखादा रविवार श्रीरामपूरला येतो. घरात मी आणि सून. मालन सातवी पास आहे. मला मॅट्रिक झालेली मुलगी हवी होती, शमुवेलने ऐकले नाही. कामाला वाईट नाही. पण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

तिने एक तलंग उचलून छातीशी धरली आणि म्हणाली, “बाई, किती गोड हाय!” मी म्हटले, “गोड नाहीत, उपयोगी आहेत. खाली ठेव.”

मागच्या अंगणात जाळीचे खुराडे करून घेतले आहे. वेळेवर दाणा, वेळेवर पाणी, वेळेवर झाडलोट. हयातभर मुली वळणाला लावल्या. आठ कोंबड्यांचे ते काय?

१८ जानेवारी

घरच्या तीन गावठी कोंबड्यांना या नव्या पाहुण्यांनी खुराड्यातून हुसकून लावले. करड्या कोंबडीच्या डोक्यावरची पिसे उपटली. वयाने ती त्यांच्या आजीसारखी. ती बिचारी आता न्हाणीच्या भिंतीला टेकून बसते आणि दाणा टाकला तरी पुढे येत नाही.

मालनच्या मनगटावर चोच बसली. आता गोड म्हणत नाही.

आठांत एक म्होरकी आहे. तुरा डावीकडे कललेला, चालणे ताठ. दाणा टाकला की आधी ती खाते, बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. कोणी पुढे झाली की मानेवर टोला. मी तिचे नाव ‘मॉनिटर’ ठेवले. मालन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण मला ते वेगळे वाटले.

२६ जानेवारी

मॉनिटरला शिक्षा केली. दोन दिवस डालग्याखाली एकटी कोंडून ठेवली. शिक्षा भोगून आलेली मुलगी काही दिवस मान खाली घालून बसते, हा माझा अनुभव. आज सकाळी सोडली. बाकीच्यांनी तिला परकी समजून घेरले. मला वाटले, बरे झाले, धडा मिळेल. तिने एकेकीला असे झोडपले की जाळीवर पिसे चिकटली. दुपारपर्यंत पुन्हा मॉनिटर.

भागूबाई कुंपणावरून बघत होती. शेजारी तिच्या जमिनीचा तुकडा आहे, गुरांच्या घासाचा. सगळीकडे दुष्काळ, पण तिच्या विहिरीला अजून ओल आहे, म्हणून तेवढेच हिरवे. म्हणाली, “बाई, तुमच्या साळंतल्या पोरी बऱ्या हुत्या. त्यांना निदान चोच न्हवती.”

मी म्हटले, “होती. तुम्हाला माहीत नाही.”

मालन म्हणते, मोकळ्या सोडा. मोकळ्या सोडून कुत्र्यांच्या घशात घालायच्या का? शिवाय यंदा चोऱ्या वाढल्या आहेत. माणसे खडी फोडायला जातात आणि तरी अर्धपोटी परततात. कोंबडी दिसली तर कोण सोडील? त्यांना दोषही देता येत नाही. कोंबड्या जाळीतच राहतील.

३ फेब्रुवारी, शनिवार

रक्त पाहिले. सर्वांत गरीब तलंगेच्या शेपटीमागची पिसे उपटून तिथे लाल मांस उघडे पडले आहे. एकदा लाल दिसले की सगळ्या त्यावरच. एरवी मॉनिटरला भिणाऱ्यासुद्धा. हे मला सर्वांत घृणास्पद वाटले.

भागूबाईने बैलगाडीचे वंगण आणून दिले. काळे, कडू. मी त्या गरीब तलंगेला मांडीवर उलटी धरली आणि फासले. तेवढ्यात मॉनिटर आणि दुसरी एक माझ्या पायाशी आल्या. मी हाकलल्या. घरात आल्यावर मालन ओरडली, “बाई, फरशीवर रगत कुणाचं?” माझेच. डाव्या पायाच्या करंगळीच्या बाजूला चोचीची खूण, चांगली खोल. कधी मारली कळले नाही. मी कामात होते.

मालनने हळद चेपली. सारखी विचारत होती, झोंबतंय का, झोंबतंय का. मी म्हटले, मुळीच नाही. तिला खरे वाटेना. सहनशक्ती नावाचा पदार्थ या पिढीला ठाऊकच नाही.

९ फेब्रुवारी

यंदा माघातच उन्हाळा लागला. तहान भागत नाही. तांब्यामागून तांब्या पिते, रात्री उठावे लागते ते वेगळेच. नळाला दिवसाआड पाणी आणि मी माठ रिकामा करते. मालन माठावर झाकण ठेवताना आवाज करते.

अंगात थकवाही आहे. भागूबाईच्या भावाचे गुऱ्हाळ. तिने नव्या गुळाची ढेप दिली. उन्हातून आले की गुळाचा खडा आणि पाणी, नाहीतर पाण्यातच कालवून घेते. तेवढ्यापुरती तरतरी येते. दिवसातून तीन-चारदा होते.

पोलकी सैल झाली आहेत. निवृत्तीनंतर चढलेले मांस उतरले, हे चांगलेच. चष्मेवाल्याने मात्र फसवले. नवा नंबर कधी बरोबर वाटतो, कधी सगळी ओळ पुसट.

१५ फेब्रुवारी

पहिले अंडे! लहान, पांढरे, एका टोकाला रक्ताची रेघ. मालनने ते दोन्ही हातांनी आणून दाखवले. कोणी घातले कळायला मार्ग नाही, पण मॉनिटरचे नसावे. ती इतका आरडाओरडा करते की तिचे असते तर पंचायतीला कळले असते.

आम्ही दोघींनी उकडून निम्मे निम्मे खाल्ले. मालन म्हणाली, घोडेगावला तिच्या माहेरी पहिले अंडे घरातल्या वडिलधाऱ्या माणसाला देतात, वाटून घेत नाहीत. मी म्हटले, “इथे वाटून घेतात.” तिने अर्धे अंडे हळूहळू, पुष्कळ वेळ खाल्ले.

२१ फेब्रुवारी

योजनेच्या विस्तार अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून मॉनिटरच्या चोचीचे टोक कापले. मीच कापले, मालन कात्री हातात घेईना. कोंबडीला घट्ट धरले की तिच्या काळजाची धडधड आपल्या तळहाताला लागते. एवढ्या गुंडाच्या छातीत इतके भय असेल असे वाटले नव्हते. मनाला बरे वाटले नाही. पण करायचे ते केले.

टोक कापूनही चोच मारतेच. फक्त आता नेम चुकतो.

दुसरी कटकट मुंग्यांची. न्हाणीच्या मोरीशी काळ्या मुंग्यांची रांगच लागते. मालनला बोलावून दाखवले, की फरशी नीट धुतली जात नाही. ती म्हणाली, “बाई, मी धुते. पन तुमी जाऊन आलात की लागत्यात. आमच्याकडं एकीला असं व्हायचं, तर डागतर म्हनला...” मी तिला तिथेच थांबवले. असल्या गोष्टी बोलायची काही रीत असते.

२८ फेब्रुवारी

पायाची जखम तशीच. सुकत नाही, चिघळतही नाही, असे परवापर्यंत होते. आता कडा पांढऱ्या पडल्या आहेत. भागूबाई म्हणाली, “गूळ न् चुना कालवून बांधा. दोन दिसांत समदं वढून काढतंय. माझ्या दिराचं गळू असंच बसवलं.”

बांधले. चुना पडल्यावर भागूबाईचा दीर म्हणे बोंबलला होता. मला चटकासुद्धा लागला नाही. त्यावरून जखम वरवरची आहे हे उघड आहे.

मालन म्हणते, दवाखान्यात चला. मी नाही म्हटले. आमचे यजमान पोटात दुखते म्हणून आपल्या पायांनी चालत दवाखान्यात गेले होते. परत आले ते चौघांच्या खांद्यावर. दवाखान्याचा काही दोष नव्हता. तरीही.

७ मार्च

कोंबड्यांनी करडीला मारले. मी दुपारी पडले होते. मालन म्हणते, करडी पाण्यासाठी जाळीत शिरली असावी. माझ्याकडून दार नीट लागले नसेल. हल्ली वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सात वर्षांची कोंबडी. तिने मला किती पिल्ले काढून दिली असतील. जे उरले होते ते मालनने फडक्यात गुंडाळून लिंबाखाली पुरले. मला पाहू दिले नाही. “तुमी आत बसा,” म्हणाली. मला आत बस म्हणणारी ती कोण? पण मी बसले.

आठ जणींना संध्याकाळचा दाणा बंद. मालनने चोरून घातला असावा.

८ मार्च

पाय सुजला म्हणून विटेचा शेक घेतला. चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळायची, नेहमीचेच औषध. वीट चांगली तापली नाही असे वाटून मालनला पुन्हा तापवायला लावली, तिने आणली, मला तरी कोमटच वाटली. फडके काढले तेव्हा पावलाच्या बाजूला भला मोठा फोड. मालनने विटेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला राग आला.

११ मार्च, रविवार

शमुवेल आला. मी मोजे घालून उपासनेला गेले. “आई, एवढ्या उन्हात मोजे?”

“देवळात नीटनेटके जावे.”

तो बिचारा हसला आणि आपल्या बढतीच्या गोष्टी सांगत राहिला. मालनला मी आधीच ताकीद दिली होती. ती जेवायला वाढत होती, डोळे खाली. निघताना त्याने तिला विचारले, “तुझं काही बिनसलंय का?” ती म्हणाली, “न्हाई. कोंबड्यांचा तरास.”

खोटे बोलली, माझ्या सांगण्यावरून. शाळेत मी खोटे बोलणाऱ्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी उभी करत असे.

१५ मार्च

आज मालनने तोंड उघडले. पट्टी सोडताना वास आला. तो मलाही आला होता, पण मी वंगणाचा समजत होते. करंगळीचा रंग जांभळट-काळा. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमी कोंबडीच्या बुडाला वंगन लावता, तिला येगळी ठिवता, दिवसातनं चारदा बघता. सोताच्या पायाकडं एकदा तरी बघा!”

मी म्हटले, “आवाज खाली.”

“न्हाई करत खाली. कापला तर पाय तुमचा जाईल, पन बोल मला लागंल. गाव म्हनंल, सुनंनं बघितलं न्हाई.”

“म्हणजे तुला गावाची काळजी.”

ती चुलीपुढे जाऊन बसली आणि पाठ करून रडली. भाकरी मात्र वेळेवर झाली. आमच्यात त्यानंतर शब्द नाही. मी चुकले का? गावाचे वाक्य मी बोलायला नको होते. पण तिनेही कोंबडीच्या बुडाशी माझी तुलना करायला नको होती.

१८ मार्च, रविवार

हे लिहायचे की नाही, याचा दुपारपासून विचार करते आहे. लिहिते.

उपासनेला गेले नाही, ताप होता. मागच्या ओसरीवर खुर्चीत बसून शुभवर्तमान वाचत होते. पट्टी सैल झाली होती. खुराड्याचे दार मीच सकाळी उघडले होते, ते बहुधा तसेच राहिले. अक्षरे पुसट होती म्हणून पुस्तक डोळ्यांशी धरले होते. पायाकडे लक्ष नव्हते.

मालन देवळातून आली आणि दारातच किंचाळली. तसे किंचाळणे मी कधी ऐकले नाही. मी पुस्तक खाली घेतले.

माझ्या पायाभोवती चार-पाच तलंगा होत्या. पट्टी ओढून बाजूला काढली होती. मॉनिटरचा गळा लाल होता. त्या टोचत होत्या, अगदी शांतपणे, दाणे टिपतात तशा. भांडणसुद्धा नव्हते त्यांच्यात. आणि मी बघत होते, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हते. दुसऱ्या कोणाचा तरी पाय असावा तसे.

मालनने हातातली छत्री फेकली, लाथेने त्यांना उडवले आणि माझा पाय मांडीवर घेऊन पदराने आवळला. तिचे देवळात जायचे पांढरे पातळ होते.

मी म्हटले, “मी वाचण्यात गुंगले होते.”

तिने पदर आणखी घट्ट आवळला.

१९ मार्च

सकाळी मालन पाण्याला गेली तेव्हा दार लावून घेतले आणि पदराची पिन काढली. विज्ञानाच्या तासाला मुलींना शिकवावे तसे केले: डोळे मिटायचे, टोचायचे, कळले तर मोठ्याने ‘हो’ म्हणायचे. हाताला हो. गुडघ्याला हो. उजव्या पोटरीला हो, उजव्या पावलाला उशिराने हो. डाव्या पायाला घोट्याच्या वर हो.

घोट्याच्या खाली मी पुष्कळ वेळ डोळे मिटून वाट पाहिली. उघडले तेव्हा पिन निम्मी आत होती.

म्हणजे सहनशक्ती नव्हती ती. सोसायला तिथे कोणी नव्हतेच.

मालन आल्यावर तिला हाक मारली आणि टांगा सांग म्हटले. तिने घागर उंबऱ्यातच ठेवली आणि तशीच पळाली.

२२ मार्च, दवाखान्यात

डॉक्टर तरुण आहे, बोलतो भराभर. माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली आणि नळी मला दाखवली. निळे पाणी विटेच्या रंगाचे झाले होते. “बाई, ही साखर,” म्हणाला. “घरात मुंग्या लागत होत्या का?”

मालनने माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

“तहानेला काय घेत होता?”

“गूळपाणी.”

त्याने पेन खाली ठेवले. “दिवसातून कितीदा?”

सांगितले.

“आणि जखमेवर?”

“गूळ आणि चुना.”

“आतून गूळ, बाहेरून गूळ,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली असावी. हळू आवाजात म्हणाला, दोन बोटे काढावी लागतील, उद्याच. त्यावर निभावले तर पाय वाचेल. निभावले नाही तर गुडघ्याखालून.

शमुवेलला तार केली आहे.

१ एप्रिल, रविवार

दोन बोटे गेली. पाय अजून आहे. डॉक्टर रोज सकाळी पट्टी सोडतो, वास घेतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’वर माझा दिवस चालतो.

मालन खाटेखाली चटई टाकून निजते. परिचारिका तिला इन्शुलिन टोचायला शिकवते आहे. सुई उकळायची, औषध मोजून ओढायचे, हवा काढायची. ती मोसंबीवर टोचून सराव करते. पहिल्या दिवशी हात थरथरत होता. मी म्हटले, “सुई तिरकी धरू नकोस.” परिचारिका म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवू नका, तुम्ही टोचून घ्या.” बाजूच्या खाटेवरची बाई फसकन हसली. मालनही हसली, तोंडावर पदर घेऊन.

आता थरथरत नाही.

शमुवेल माझ्या उशाशी बसून रडला. मला कोणी का कळवले नाही, म्हणून मालनवर चिडला. मी सांगितले की मनाई माझी होती, आणि मोजेही त्यासाठीच होते. तो बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

१० एप्रिल

घरी आले. काखेत कुबडी. पाय राहिला, पण डॉक्टर म्हणाला, हा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्याचीही जाणीव कमी होत चालली आहे. दोन्ही पाय रोज संध्याकाळी कोणीतरी नीट बघायचे, तळव्यांसकट. एक ओरखडा दिसला तरी तसेच निघून यायचे.

कोंबड्या खुराड्यात नव्हत्या. आम्ही नसताना त्या भागूबाईच्या हवाली होत्या, आणि तिने सरळ जाळीचे दार काढून ठेवले. “कोन रोज उघड-लाव करील? माझं गुडघं दुखत्यात.” आठही जणी तिच्या घासात दिवसभर चरतात, माती उकरतात, झाडाखाली धूळ अंगावर घेतात. कुत्र्याने एकदा धाव घेतली तर मॉनिटरनेच त्याच्या नाकावर उडी मारली म्हणे. त्या गरीब तलंगेची शेपटी पुन्हा भरली आहे.

मी कुबडीवर उभी राहून पुष्कळ वेळ बघितले. मॉनिटर अजून चोच मारते. तिचा स्वभाव तोच आहे. फक्त बाकीच्यांना आता पळायला जागा आहे.

१६ एप्रिल

मॉनिटरचे काय करायचे यावर घरात खल. रजेवर आलेला शमुवेल म्हणाला, कापू. मालनने कानांवर हात ठेवले. “जिनं बाईंना चोच लावली ती मी कशी शिजवू?” भागूबाईनेही मान हलवली. “मानसाचं रगत चाखल्यालं कोंबडं खात न्हाईत.” मग माझ्याकडे बघून, “आन् त्यात बाईंचं रगत. म्हंजी गोडच असंल.”

मी हसले. दुखऱ्या विषयावर कोणी सरळ बोलले की बरे वाटते.

मग शमुवेलला म्हटले, बाजारात वीक, पण घेणाऱ्याला खोड सांगून वीक. तो उन्हातान्हात घेऊन गेला आणि संध्याकाळी तिला काखोटीला मारून परत आला. “आई, एक जण घेत होता. मी म्हटलं, ही माणसाला टोचते. तो म्हणाला, कितपत टोचते? मी म्हटलं, माझ्या आईची दोन बोटं गेली. त्यानं कोंबडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, तूच ठेव रे बाबा.”

ठेवली. अंडे रोज घालते.

२१ एप्रिल

उद्या पुनरुत्थानाचा सण. मालनने शेवया केल्या, माझ्या वाटीत बिनगुळाच्या. मी चमचा खाली ठेवला. तिने उचलून परत माझ्या हातात दिला. मी सासू आहे की विद्यार्थिनी, हल्ली कळेनासे झाले आहे. राग येतो. रोज सकाळी सुई घेऊन येते तेव्हा तर फार येतो. ती “बाई, हात” म्हणते आणि मी हात पुढे करते.

२९ एप्रिल, रविवार

पाय बघण्याचा नियम रोज चालू आहे. मला वाकून तळवा दिसत नाही. मालन दिवा घेऊन पाटावर बसते आणि डावा पाय मांडीवर घेते. मला कोणी पायाला हात लावलेला कधी आवडत नसे. शाळेतही मुलींना वाकून नमस्कार करू देत नसे.

उजवा पाय मी तिला परवापासून दाखवला नव्हता. “तो धुतला आहे, ठीक आहे,” म्हणून पातळाखाली ओढून घेत होते. खरे कारण वेगळे होते. शुक्रवारी चप्पल काढताना टाचेपाशी ओलसर डाग दिसला. चपलेचा खिळा वर आला आहे. कधीपासून टोचत होता, कोण जाणे. पुन्हा ती खाट, तो वास, तो डॉक्टरचा ‘हं’. आणि या खेपेला दुसरा पाय. मी स्वतःशी म्हटले, दोन दिवस बघू, सुकेल.

आज डावा झाल्यावर ती म्हणाली, “आता दुसरा.”

“तो ठीक आहे.”

ती हात पुढे करून बसून राहिली. चुलीवर तव्यात भाकरी होती. ती करपल्याचा वास येऊ लागला. एरवी ती धावली असती. मी म्हटले, “भाकरी बघ.” तिने मान हलवली आणि हात तसाच ठेवला. तिच्या बोटांवर इन्शुलिनच्या सुया उकळताना भाजल्याचे दोन डाग आहेत. मी ते आजच पाहिले.

मी पाय पुढे केला.

तिने टाच दिव्याकडे वळवली. बराच वेळ बघत होती. मला वाटले, आता रागावेल. रागावली असती तर सोपे गेले असते.

“कधीपासनं?”

“शुक्रवारी दिसले. आधीचेही असेल.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पाय खाली ठेवण्याआधी आपल्या पदराने पुसला.

सकाळच्या पहिल्या टांग्याचे सांगून आली आहे. आत्ता स्वयंपाकघरात करपलेली भाकरी मोडून तलंगांसाठी कुस्करते आहे. दवाखान्याची पिशवी मी भरली: दोन पातळे, सुयांचा डबा, औषध, मालनची चटई. मोजे घेतले नाहीत.